पाय बरा होण्याची भीती

माझ्या सासरच्या माणसांना सुईचं भारी वेड. डॉक्टरनं नुसती गोळी दिली की त्यांना फसवल्यासारखं वाटायचं. सुई टोचली पाहिजे, ती दुखली पाहिजे आणि माणूस मांडी चोळत घरी आला पाहिजे, मग ताप उतरला असं मानायची त्यांची रीत. उंब्रजपासून पायी जाण्यासारखं, कृष्णेच्या काठाचं आमचं गाव. घरचा ऊस, दारात बैल, सोप्यात फौजेत गेलेल्या माणसांचे हार घातलेले आणि न घातलेले फोटो. माझा नवराही पलटणीत, दूर सीमेवर. त्यामुळं घरात हुकूम सोडायला दोन पुरुष उरले होते, सासरे आणि धाकटा दीर. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. मिशीला पीळ देण्यापलीकडं त्यांनी हातांना फारसे कष्ट दिल्याचं मला आठवत नाही. दीर मॅट्रिकला आपटून घरी बसला होता आणि त्याला नोकरी हवी होती, तीही सरकारी, बसून करायची.

बांगलादेशच्या लढाईनंतरचं एखादं वर्ष असेल. माझी मुलगी नुकती भिंत सोडून चालायला लागली होती. चार पावलं टाकायची, मग स्वतःच टाळ्या पिटायची. तिला ताप आला. मी म्हटलं, कराडला नेऊ या.

"पेटीवाला हाय की गावात," मामंजी म्हणाले. "येवढ्याशा तापाला कराड कशाला?"

हा पेटीवाला म्हणजे पूर्वी कराडला कुणा डॉक्टरकडं कंपाउंडर होता. तिथून का निघाला ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि त्याच्या हातची सुई घ्यायला रांग लावणाऱ्या आमच्या गावानंही कधी विचारलं नाही. सायकलच्या मागे चामड्याची पेटी बांधून फिरायचा. दिराचा पत्त्यांतला जोडीदार. तो आला, आमच्याच चहाच्या पातेल्यात त्यानं सुई बुचकळली आणि पोरीला पालथी घालायला सांगितली. मी म्हटलं, नको, औषध द्या. दिरानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानंच पोरीला दाबून धरलं आणि पेटीवाल्यानं डाव्या मांडीत, वरच्या अंगाला, सुई खुपसली. मामंजींना लेकराचं रडणं बघवत नाही, म्हणून ते उंबऱ्यात आमच्याकडं पाठ करून उभे होते. ही पाठ लक्षात ठेवा, पुढं तिचा फार मोठा उपयोग व्हायचा होता.

ताप उतरला. पेटीवाल्याचं कौतुक झालं. आणि त्यानंतर लगेच गावात देवी टोचणारा सरकारी माणूस आला. म्हसवडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, हडकुळा, कुणी मोठ्यानं बोललं तरी दचकणारा. तो घरोघर फिरला आणि आमच्या पोरीच्याही दंडावर टोचून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उभी केली तर डावा पाय तिच्याखाली राहिलाच नाही. पुन्हा उभी केली, पुन्हा बसली. तिला वाटलं खेळ आहे, ती हसली. 

सरकारी लशीचं नाव पहिल्यांदा काढलं ते पेटीवाल्यानं. साहजिकच आहे, त्याला घाई होती. "त्या देवीवाल्याची लस नासकी आसणार. रगतातनं पायात उतरली," असं तो ओट्यावर बसून ठासून सांगायला लागला. दंडातली लस उजवा पाय सोडून, पोट सोडून, बरोब्बर त्यानं सुई मारलेल्या मांडीत कशी उतरली, हे विचारायची अक्कल तिथं बसलेल्या एकालाही नव्हती. किंवा असेलही. दिराचे डोळे मात्र लकाकले. मी त्याला इतका हुशार झालेला कधीच पाहिला नव्हता.

तो पंचायत समितीच्या सभापतींकडं गेला. सभापतींना आमच्या भावकीची मतं हवी होती. त्यांनी आरोग्य खात्याच्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांना तक्रार साताऱ्याला जायला नको होती. अशी सगळ्यांची गरज एकमेकांत छान बसली आणि ठरलं की गावातच मिटवायचं. नुकसानभरपाई म्हणून दिराला आरोग्य केंद्रात शिपाई म्हणून लावून घ्यायचं. पाय गेला माझ्या पोरीचा, खाकी कपडे मिळणार दिराला. आणि हे सांगताना घरात एकाचीही जीभ अडखळली नाही. "घरातलाच मानूस लागतोय की," मामंजी म्हणाले, "कुनाचं का भलं हुईना."

माझं माहेर सांगलीकडचं, मिरजेजवळच्या खेड्यातलं. वडील शाळामास्तर. त्यांचा निरोप आला, पोरीला ताबडतोब घेऊन ये, मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मी तिची दुपटी बांधायला घेतली तर दीर दारात आडवा.

"वैनी, आत्ता न्हेऊ नगा. पाय बरा झाला तर मंग सायबाला काय दावायचं?"

मला वाटलं ह्याची जीभ घसरली असेल. पण मामंजी मान हलवत होते. शेजारचे एक म्हातारेही मान हलवत होते. पोरीचा पाय बरा होईल, ह्याची त्या माणसांना खरोखर भीती वाटत होती. मी चुलीपुढं बसून संतापानं रडले. नवऱ्याला पत्र टाकलं, पण ते कुठल्या डोंगरावर जाऊन पोचणार आणि उत्तर कधी येणार! आत्याबाई, म्हणजे माझी सासू, म्हणाली, "थोडं दम धर गं." सून एकटी लेकरू घेऊन माहेरी गेली की भांडूनच गेली असं गाव धरायचं, आणि एस.टी.चं भाडं मामंजींच्या कनवटीला.

मग सुरू झालं पाय दाखवणं. कुणीही आलं की दीर पोरीला सोप्यात आणायचा, पाय गुडघ्यातून उचलायचा आणि सोडून द्यायचा. "बगा, कसा पडतुय." लोक च्च् च्च् करायचे, चहा प्यायचे. सभापतींचा माणूस आला तेव्हा त्यानं दोनदा करून दाखवायला लावलं. पोरगी पहिल्यांदा हसायची, नंतर नंतर तिनं हसणं सोडलं. मी रोज गरम पाण्यात फडकं भिजवून पाय शेकायची. तिची टाच दिवसेंदिवस वर ओढली जात होती, हे मला हाताला कळत होतं. मी ते दिराला सांगितलं. "चांगलंच हाय की," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण तो लगबगीनं बाहेर गेला.

तडजोडीची बैठक खंडोबाच्या देवळात भरली. साहेब जीपमधून आले, सभापती आपल्या गाडीतून. साहेब स्वतः डॉक्टर होते. त्यांनी पोरीकडं लांबूनच बघितलं आणि रुमालानं चष्मा पुसला. पायाला हात लावणं म्हणजे जबाबदारी घेणं, असा त्यांचा हिशोब असावा. देवी टोचणारा खांबाला टेकून उभा होता. त्याची दया यायला हवी, पण मला तीही आली नाही. निलंबन करू नका, हवं तर लांब बदली करा, असं तो विनवत होता; तेवढ्यासाठी लस उन्हात राहिली होती असं म्हणायलाही तो तयार होता. स्वतःची नोकरी वाचवायला तो चक्क खोटं बोलायला निघाला होता.

सगळं जमत आलं. फक्त साहेबांना आपली बाजू राखायची होती. त्यांनी विचारलं, "त्या दिवसांत मुलीला दुसरं कुठलं इंजेक्शन दिलं नव्हतं ना?"

"न्हाई न्हाई," दीर म्हणाला.

"मग घरच्या कर्त्यानं बेलभंडारा उचलावा," सभापती म्हणाले, "म्हंजे इषय मिटला."

आमच्याकडं तंटा तुटत नसला की हे करतात. देवापुढच्या ताटातला बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन जे बोलायचं ते खरं, खोटं बोलेल त्याचं घर देव बघून घेतो. दीर एकदम देवळाचं छत न्याहाळायला लागला. एरवी देव नाही म्हणून कराडच्या चहाच्या टपरीवर वाद घालणारा हा वीर! त्यानं हळूच मामंजींना पुढं ढकललं. आणि मामंजींनी हात धुतले, मिशीवरून फिरवले, कारण त्यांच्याकडं ती पाठ होती ना. ते ताटाजवळ जाऊन म्हणायला लागले, "म्या माझ्या डोळ्यानं दुसरी सुई..."

म्हणजे देवालाही चकवायची तयारी घरूनच करून आले होते. डोळ्यानं बघितली नाही, कारण डोळे रस्त्याकडं होते. त्या क्षणी मला त्यांची जितकी किळस आली तितकी आयुष्यात कुणाची आली नाही.

बायका पायरीपाशी बसल्या होत्या. मी उठले, पोर कडेवर घेऊन सगळ्या पागोट्यांमधून वाट काढत पुढं गेले. "आगं, कुठं निघाली?" आत्याबाई मागून म्हणाली. मामंजींचा हात ताटावर होता. मी त्याच्या आधी बेल आणि भंडारा मुठीत घेतला.

"मामंजी, तुमी उंबऱ्यात पाठ करून हुबा हुता. मी आत हुते," मी म्हणाले. "देवी टोचायच्या आदी पेटीवाल्यानं हिच्या ह्याच मांडीत सुई घातली. भावजींनी धरलं हुतं हिला. ह्यात खोटं आसंल तर खंडेराया ह्या कडेवरच्या लेकराचं काय करायचं ते करू दे."

मामंजींनी ताटावरचा हात मागं घेतला. लेकरू कडेवर घेऊन अशी शपथ घेणाऱ्या बाईला खोटी ठरवायची हिंमत त्या मिशांत नव्हती. पेटीवाला मागच्या मागं सायकल काढून गेला. सगळ्यात आधी उठले साहेब. "म्हणजे आमच्या खात्याचा संबंध नाही," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मुलगी बरी झाली असंच एखाद्याला वाटलं असतं. देवी टोचणाऱ्यानं मला हात जोडले. मी दुसरीकडं बघितलं. आता पोरीचं काय, असं त्या देवळात एकानंही विचारलं नाही.

घरात मामंजींनी माझ्याशी बोलणं टाकलं, त्यानं माझं काही अडलं नाही. आणि मिरजेला निघाले तर कुणी अडवलं नाही. आता पाय बिघडलेला राहण्यात कुणाचाच फायदा उरला नव्हता. भाडं मामंजींनी कट्ट्यावर ठेवलं, आणि दिरानं तर स्वतः हात करून एस.टी. थांबवली.

दिराला पुढं ती नोकरी मिळालीच. सभापतींना मतं अजून हवीच होती. खाकी घालून तो घरोघर लस टोचणाऱ्यांबरोबर फिरायचा, पोरांचे दंड धरायचा आणि आयांना सांगायचा, "भिऊ नगा, सरकारी सुईनं काय बी हुत न्हाई." बोलला ते खरंच होतं. त्याच्या तोंडून ऐकताना मात्र मला थुंकावंसं वाटायचं.

मिरजेच्या डॉक्टरांनी पोरीला टेबलावर निजवलं. इतक्या दिवसांत तिचा पाय खाली न टाकता हातात धरून ठेवणारा पहिला माणूस तो. त्यांनी सांगितलं की हा पोलिओ आहे, तो पहिला तापच त्याचा होता. देवीच्या लशीशी ह्याचा काही संबंध नाही, मात्र तसल्या तापात मांडीत सुई मारायला नको होती. मग त्यांनी पाऊल सरळ करायला घेतलं. ते अर्ध्यात अडलं. पोरगी किंचाळली.

"पाय पडला तेव्हाच का नाही आणली?" ते म्हणाले. "फळी बांधून सरळ ठेवला असता. टाच अशी वर गेली नसती."

"दावा मिटायचा होता," मी म्हणाले.

"मग? मिटला?"

"मिटला."

 लोखंडी पट्ट्यांच्या बुटाचं माप घ्यायला सांगून ते पुढच्या पेशंटकडं गेले.