पाहुण्यांसाठी हिरवा मांडव

त्या टेकडीवर कधीकाळी झाडं होती, असं आज कुणाला सांगितलं तर माणूस माझ्याकडेच संशयाने बघेल. सोनगीरहून सायकलीवर जाता येईल एवढ्या अंतरावरचं ते गाव, आणि तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शाळेमागे गायरान, गायरानावर उघडीबोडकी टेकडी. माझं माहेर असोद्याचं, केळीच्या बागांतलं. बदली होऊन इथे आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात जीव कासावीस झाला. सावली विकत मिळत असती तर सगळा पगार मी त्यातच घातला असता.

पुण्याकडची एक संस्था पर्यावरण शिक्षणासाठी गावोगावच्या शाळांना पैसे देते, असं कानावर आलं. मी अर्ज केला आणि चक्क मंजूर झाला. आधी काय आलं? रंगीत तक्ते आणि पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र. अहो, आमच्याकडे दिवसा वीज असायची कुठे! यंत्र कपाटात गेलं. पण त्याच मंजुरीत एक कामाची गोष्ट होती. टेकडीवर झाडं लावायची आणि तीन वर्षं राखणदाराचा पगार संस्थेने द्यायचा.

पोरांनी पिशव्यांत निंब, जांभूळ, शिसवीची रोपं केली. खड्डे गावाने खणले. पहिले दोन उन्हाळे बायकांनी हंड्याने पाणी वाहिलं. त्यातल्या काहींनी मला तोंडावर शिव्याही घातल्या, पण वाहिलं. राखणीला बौद्धवाड्यातले एक आबा ठेवले. वय झालेलं, मजुरीला जाणं होत नव्हतं, स्वभाव महातिखट. त्यांच्या दोन शेळ्या होत्या. कामाला लागायच्या आधी त्यांनी त्या सोनगीरच्या बाजारात विकून टाकल्या. राखणदाराच्याच घरी शेळ्या असल्या तर लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बांधून ठेवा की दारात. तर माझ्यावरच डाफरले.

मग त्यांनी काय राखण केली म्हणता! पाटलाच्या शेळ्या शिरल्या तर पाटलाच्या ओट्यासमोर जाऊन भांडून आले. आबांसारख्या माणसाने त्या ओट्यासमोर आवाज चढवायचा, ही गोष्ट त्या गावात लहान नव्हती. काही दिवस गाव फुरफुरलं, मग गप्प बसलं. पुढे पुढे तर पाटीलच आपल्या गुराख्याला दम द्यायला लागले, की तिकडे जाऊ नको, म्हातारा येईल.

तिसऱ्या वर्षी झाडं खांद्याला लागली. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली तरी तिचं तोंड शेंड्याला पोचू नये, एवढी उंची व्हायला आणखी दोन पावसाळे हवे होते. फक्त दोन. पण संस्थेची तीन वर्षं संपत आली होती. मी लिहून कळवलं, की राखण आत्ता उठली तर तीन वर्षांची सगळी मेहनत शेळ्यांच्या पोटात जाईल. तिकडून निरोप आला, की दोन जण पाहणीला येतील, काम पाहतील, मग ठरवू.

पाहणी वैशाखातच ठेवली. आमच्याकडे वैशाखात माणूस कुत्र्यालाही बाहेर काढत नाही. पाहुण्यांना आणायला मी आदल्या दिवशीच धुळ्याला गेले. जाताना सरपंचांना बजावलं, की पाहुण्यांना नीट जेवायला घाला आणि टेकडी दाखवा, बाकी काही नको. ते म्हणाले, "बाई, तुम्ही निर्धास्त जा."

दुसऱ्या दिवशी जीपमधून आम्ही आलो. एक साहेब होते, गळ्यात कॅमेरा, आणि त्यांच्याबरोबर एक तरुण ताई. गावाच्या वळणावर जीप आली आणि मी पाहिलं तर शाळेच्या अंगणात हा एवढा मांडव! हिरवागार, गच्च. ताई म्हणाली, "अय्या, किती सुंदर!" त्या दिवसांत पाच कोसांत कुठे हिरवं पान नव्हतं. मांडव असोद्याकडे असता तर केळीचे खांब उभे केले असते आणि काम झालं असतं. इथे हिरवं होतं ते एकाच ठिकाणी.

मांडवाच्या दारात आबा उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा फेटा, हातात पाहुण्यांसाठी नारळ. सरपंचांनी सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं होतं, "आबा, मांडव तुमच्याकडे." आजवर गावातल्या कुठल्याच मांडवाच्या दारात आबांना कुणी उभं केलं नव्हतं. त्यांनी पहाटेच टेकडी गाठली होती आणि आपल्या हाताने निंबाचे, जांभळाचे शेंडे उतरवून आणले होते. दारी मोठा पाहुणा येणार आणि मांडवाला हिरवा डहाळा नाही, हे त्यांना मरणाहून वाईट वाटलं असतं. पोरींनी ओवाळलं. बायकांनी खापरावरचे मांडे केले होते, आंब्याचा रस केला होता. साहेब पोटभर जेवले. वर पाहून म्हणाले, "छान गार वाटतंय."

मग आम्ही टेकडीवर गेलो.

साहेबांनी फोटो काढले. एकेका बुंध्याजवळ थांबून काढले. ओल्या, पांढऱ्या कापांचे. कुणी तोडलं, असं त्यांनी विचारलं आणि आबाच पुढे झाले. त्यांना वाटलं, शाबासकी आहे. सगळं आपलंच तर आहे, अशा थाटात म्हणाले,

"मीच. दुसरानं झाड नही तोडं, साहेब. आपलंच शे बठ्ठं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलले, खूप बोलले. म्हटलं, अहो, तीन वर्षं या माणसाने इथली काडी कुणाला मोडू दिली नाही. तुमच्या मानासाठी तोडलंय त्याने. निंब आहे, पावसात पुन्हा फुटेल, फक्त राखण हवी. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, "राखणदाराला पगार आम्ही द्यायचा आणि झाडं त्यानेच तोडायची? लोकांमध्ये जाणीवच नाही, बाई. आधी जाणीव हवी." त्या जेवणाची ढेकर त्यांनी जीपमध्ये बसल्यावर दिली. मला अजून तिचा राग येतो.

पगार बंद झाला. जाणीव व्हावी म्हणून टपालाने नवे तक्ते मात्र आले. त्यांवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, झाडे तोडू नका. मुख्याध्यापकांनी ते माझ्याच हातून वर्गावर्गांत लावून घेतले.

ग्रामपंचायतीत मी हात जोडले. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बघू, बाई." त्या "बघू"त काही राम नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. आबा पावसाळा लागेपर्यंत फुकट राखत राहिले. कुणाशी बोलेनासे झाले होते. तो फेटा पुन्हा त्यांच्या डोक्यावर मी पाहिला नाही. मग घरात दाणा उरला नाही तसे ते लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागले, त्या वयात, पावसात.

आणि नेमकी झाडं फुटली. जिथे कापलं होतं तिथून एकेका बुंध्याला लालसर कोवळे धुमारे आले, पहिल्यापेक्षा दाट. मी शाळा सुटल्यावर रोज जाऊन बघायचे. वेड्यासारखी आशा लागली होती. महिनाभरात पहिल्या शेळ्या चढल्या, पाटलाच्या. मग सगळ्या गावाच्या. मी पोरांना घेऊन हाकलायला जायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचे. सुटीच्या दिवशी काय करणार?

पोळ्यानंतर एका दुपारी गेले तर टेकडीच्या पोटाशी आबा बसलेले दिसले. मला हायसं वाटलं. वाटलं, राहवलं नाही म्हणून म्हातारा राखणीला आला. जवळ गेले तेव्हा दिसलं, पुढे एक शेळी आणि तिचं करडू चरत होतं. अर्धलीने, म्हणजे करडं निम्मी निम्मी वाटून घ्यायच्या बोलीवर, घेतली होती त्यांनी शेळी, पाटलाकडूनच. करडू मागच्या पायांवर उभं राहून निंबाचा धुमारा ओढत होतं.

आबा उठले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आते बठ्ठासन्या शेळ्या खातस, बाई. मन्याच शेळ्या का उपाशी ऱ्हातीन?"

फांदी जरा उंच होती, करडाचं तोंड पोचेना. आबांनी हात वर केला आणि ती खाली वाकवून धरली.