येळवशीला लातूर: आत्याच्या जागेची चौकशी

येळवशीला लातूरला जाणं म्हणजे शहाण्यानं करू नये ते. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या; त्या दिवशी अख्खं शहर घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं. दुकानं बंद, खानावळी बंद, रिक्षा मिळाली तर नशीब. तरी मी हाच मुहूर्त धरला, कारण आत्याच्या शेजारचे शेतकरी मन्मथअप्पा फोनवर एवढंच म्हणाले होते, "येळवशीला ये. जेवून बोलू."

बोलायचं होतं ते आत्याबद्दल. माझी आत्या निवृत्त शिक्षिका, एकटी, लातूरच्या कडेला वाढत चाललेल्या एका वस्तीत घर बांधून राहायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. आम्हा लिंगायतांत दहन नसतं, मातीत ठेवतात, आणि होता होईल तो रानातच. तिची तीच इच्छा होती. पण आमचं उदगीरकडचं रान बाबांनी केव्हाच विकलेलं, तिच्या वाट्यासकट. शेवटी वस्तीला लागून भाजीपाला पिकवणाऱ्या अप्पा आणि त्यांच्या पत्नी गंगाकाकूंनी आपल्या रानात तिला जागा दिली. माझा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता, जाता आलं नाही. आणि दिवाळीत कानावर आलं की त्या रानाचं प्लॉटिंग होणार. मग आत्याचं काय?

पुण्याहून सकाळची बस धरली. तिकीट सातशेच्या घरात, वेळ आठ तास. बार्शीपर्यंत रस्ता बरा, पुढे कंबर सांभाळा. तुम्ही जाणार असाल तर माझ्यासारखं आदल्या दिवशीच पोहोचा.

आत्याच्या घरात पिशवी टाकून संध्याकाळी रानाकडे गेले. तिन्ही बाजूंनी दुमजली घरं, मध्ये मेथी, पालक, चुका, वांगी. बांधावर वस्तीतल्या बायकांची ही झुंबड. उद्याच्या भज्जीसाठी, म्हणजे पालेभाज्या आणि कोवळे दाणे बेसनात शिजवतात त्यासाठी, सगळ्यांना इथूनच भाजी जाते. या लोकांची शेतं गावाकडे राहिली किंवा संपली. त्यामुळे येळवस करायला ते अप्पांच्याच रानात येतात. "उन्हाळ्यात पानी बी हितलंच," एक बाई मला म्हणाली. "ह्ये दोघं न्हाईत तर वस्ती काय कामाची?"

दुसऱ्या दिवशी कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून पुजले आणि पंगती बसल्या. बाजरीचे उंडे, भज्जी, खीर, मडक्यातली थंडगार आंबील. काकू प्रत्येकाच्या पानाशी वाकून वाढत होत्या. मला मात्र घास गोड लागेना.

जेवणं झाल्यावर अप्पांनी मला कोपऱ्यातल्या उंचवट्यावर नेलं. काकूही पदराला हात पुसत आल्या. बेलाच्या रोपाखाली आत्या. वर ताजी फुलं होती. मी खूप वेळ उभी राहिले, मग विचारलं, "अप्पा, प्लॉटिंगचं खरं आहे का?"

"आलते दोघंजन. म्हन्ले, त्यो कोपरा सपाट करून द्या, मग भाव बोलू. समाधीचं रान प्लॉटला कोन घेतंय? म्या म्हन्लं, नका घेऊ."

"आणि तुमच्या मागं?"

"लेक हिमायतनगरला दिलीय. तिला सांगून ठिवलंय, ह्या कोपऱ्याला हात लावायचा न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात शेजारी चार दगड मांडून आखलेली एक रिकामी जागा दिसली. ही कोणाची, म्हणून सहज विचारलं. अप्पांनी काकूंकडे पाहिलं.

"आमी दोघांसाठी दोन जागा धरून ठिवल्या व्हत्या," काकू म्हणाल्या. "बाकी समदं काळं रान. पावसात हातभर खांदलं की पानी लागतंय. मुरूम हाय तो हितंच, एवढासा. बाईंना पान्यात कसं ठिवायचं, माय? रोज सांजच्याला माझ्यासंगं जुड्या बांधाय बसायच्या त्या. माझी दिली."

"हिनं मला इचारलं बी न्हाई," अप्पा म्हणाले. तक्रार नव्हती त्यांच्या बोलण्यात.

"आणि तुम्ही, काकू?"

"जो आदी जाईल त्याला ही. मागं ऱ्हाईल त्यानं आपलं बघावं," असं म्हणून त्या खरकटी भांडी गोळा करायला वळल्या.

मला त्यांच्या पाया पडायचं सुचलंसुद्धा नाही. माझ्या आत्याची जागा राहणार का, एवढंच विचारायला मी तीनशेहून जास्त किलोमीटर आले होते, आणि ज्यांनी स्वतःची जागा दिली त्यांच्यावरच संशय घेऊन आले होते. याची लाज परतीच्या बसमध्ये आठही तास सोबत होती.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. काकूंनी दिलेल्या मेथीच्या जुड्या समोर टेबलावर होत्या. आत्याची जागा कशी आहे, काही बांधलंय का, असलं त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मग त्या बाईला कुठं ठेवतील?" आणि उठून गॅलरीत गेले. मी तिथेच बसून रडले. आत्या गेल्याचं कळलं तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते.