बिनसुईची टोपी

डबलबेल हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेली; घंटा एकदा दिली की गाडी थांबते, दोनदा दिली की सुटते, एवढं शास्त्र त्यांना आयुष्यभर पुरलं. त्यांचं एकच तत्त्व डेपोत चेष्टेचा विषय होतं. चढलेला माणूस मध्येच उतरवायचा नाही. मग तो झिंगलेला असो, नाहीतर ओकणारं पोर असो. कुणी कुरकुर केली की विचारायचे, "गाडी काय फक्त नीट बसणाऱ्यांसाठी आहे?"

त्यांची नात मुंगी. चमचे, चपला, बटाटे, हाताला लागेल त्याची ती रांग लावायची, म्हणून मुंगी. पाचवं लागायला आलं तरी बोलत नव्हती. रांग मोडली की घर डोक्यावर घ्यायची आणि डोक्याला कुणी हात लावलेला तर मुळीच खपायचा नाही. केससुद्धा ती झोपल्यावर कापावे लागत.

इस्पितळात नवं संशोधन सुरू झालं होतं. दारावर मोठी पाटी होती: 'न टोचता निदान'. तळमजल्यावर नळीत फुंकर मारून फुप्फुसाचा कर्करोग ओळखत, वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून वाढीतले दोष. रक्त नको, सुई नको, भूल नको. निदान झालं की त्याच मजल्यावरच्या उपचारवर्गात जागा मिळे. मात्र पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत. मुंगीची आई म्हणाली, "बाबा, लागलं बघा गाडं मार्गी."

टोपी चढवली. मुंगीनं ती भिरकावली. पुन्हा चढवली, तेव्हा तंत्रज्ञ मुलीच्या मनगटावर दातांची सुरेख रांग उमटली.

"ताई, हिला गाळावं लागेल," मनगट चोळत ती म्हणाली.

"गाळावं म्हणजे?" डबलबेलनी विचारलं.

"अभ्यासातून, काका. टोपी डोक्यावर राहिली तरच नोंद होते. नियम आहे."

"आणि उपचारवर्ग?"

"तो अभ्यासातल्या मुलांसाठीच आहे ना."

जिन्याखालच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ खोकत बसले होते. खोकला आवरून म्हणाले, "तुम्हालाही गाळलं? मलाही. फुंकर पुरली नाही."

"अहो, ज्याची फुंकर पुरते तो इथं झक मारायला येईल?"

गृहस्थ हसले, आणि त्या हसण्याचा त्यांना पुन्हा खोकला झाला.

पुढं पालकांची सभा भरली. संशोधनाच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी पडद्यावर आलेख दाखवले. टोपी जवळजवळ चुकतच नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. टाळ्या पडल्या. टाळ्या विरायच्या आत डबलबेल उभे राहिले.

"बाई, टोपी फेकून देणारी पोरं कुठल्या बाजूला धरलीत?"

"ती हिशेबात नाहीत, आजोबा."

"म्हणजे जी शहाण्यासारखी बसली, त्यांच्यात दोष शोधलात. ज्यांच्यात होता ती दाराबाहेर. मग कशी चुकेल?"

"तुमच्या भावना मी समजू शकते..."

"भावना राहू द्या. पोरांच्या डोक्यावर टोपी बसली नाही, म्हणून ती आम्हाला घातलीत!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. लेकीनं बाही ओढली. "बाबा, बसा ना. सगळे बघताहेत."

"बघू दे. इतके दिवस कोण बघत होतं?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुंगीला बोलावलं. चांगुलपणानं की ब्याद टळावी म्हणून, हे सांगणं कठीण. त्या जमिनीवर बसल्या, ठोकळे ओतले आणि नुसत्या बघत राहिल्या. दुपारी त्यांनी तेच सांगितलं, जे मुंगीची आई दोन वर्षं सांगत होती: पोरगी स्वमग्न आहे.

"हे टोपीशिवाय कळतं?" डबलबेलनी विचारलं.

"कळतं की. पण एकेका मुलामागं सकाळ जाते." बाईंनी आवाज खाली आणला. "हिला वर्गात घेते. अपवाद म्हणून. मात्र बाहेर बोलू नका, नाहीतर मला हाही अपवाद करता यायचा नाही."

लेकीच्या डोळ्यांना धार लागली. डबलबेल बाहेर आले. सकाळ जाते! यांची सकाळ वाचावी म्हणून पोरांची वर्षं गेली.

टोपीच्या खोलीतून एक आई बाहेर पडत होती. कडेवरचं पोर हुंदके देत होतं, त्याच्या कपाळावर तारांचे वळ होते. मागून तोच ओळखीचा आवाज आला, "ताई, याला गाळावं लागेल."

लेकीनं बापाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि ओळखलं. "बाबा, नको. मुंगीची जागा जाईल."

ते थबकले. आतून ठोकळ्याला ठोकळा लावल्याचा आवाज येत होता. मुंगीची रांग चालू होती. मग ते त्या पोराच्या आईसमोर जाऊन उभे राहिले.

"पोरी, घरी जाऊ नकोस. मोठ्या बाई टोपीशिवायही बघतात. सकाळ लागते, लागू दे. त्यांच्या दारातच बस."

"बाबा! बोलू नका म्हणाल्या होत्या ना त्या?"

"मी कुठं बोललो?" डबलबेल त्या पोराच्या आईशेजारी, दाराजवळच्या बाकावर टेकत म्हणाले. "मी घंटा दिली. एकच."