शनिवारचे बोल्ट

रोज सकाळी शटर वर गेलं की इब्राहिमभाई आधी आदल्या दिवशीचे जुने बोल्ट वाकवत. एकेक बोल्ट वाइसच्या जबड्यात धरायचा, हातोडा घालायचा आणि वाकडा झाला की भंगाराच्या डब्यात टाकायचा. सरळ बोल्ट दिसला की कुणीतरी तो पुसून पुन्हा गाडीत घालतो, असा नेवाशातल्या इतक्या वर्षांच्या गॅरेजचा अनुभव. लोक यावरून त्यांना चिडवत, आणि ते मनापासून चिडत.

सर्वांत जास्त चिडवलं ते अजिनाथने. त्याची जीप शनिशिंगणापूरला भाविक नेते. जुनं इंजिन जाम झालं, तेव्हा त्याने दुसऱ्या गाडीचं, जास्त ताकदीचं इंजिन मिळवलं. भाईंनी ते बसवायला घेतलं आणि शुक्रवारी सकाळी त्याला बजावलं, "फ्लायव्हीलचे, त्या इंजिनामागच्या जड चाकाचे, बोल्ट नवे लागतील, आधीपेक्षा दमदार. ह्ये जुने ताणलेत. आजच आन. उद्या तू लोखंड घेनार न्हाईस."

"आनतो की, भाई."

शनिवारी अमावस्या होती. वर्षातून एखाद-दोनदाच असा योग येतो आणि शिंगणापूरच्या रस्त्यावर गाडी कमी पडते. अजिनाथने शुक्रवारचा सगळा दिवस काचेवर देवाचं नाव रंगवून घेण्यात घालवला. बोल्ट राहिले.

शनिवारी तो आला तेव्हा भाई जुने बोल्ट शोधत होते. वाकवायला डब्याजवळ ठेवलेले, आणि आता जागेवर नाहीत. अजिनाथने खिशातून फडकं काढलं. डिझेलमध्ये धुतलेले सहा बोल्ट चकाकत होते.

"नवे?" भाईंनी विचारलं.

"नव्यासारकेच."

"आरं, हे माझ्याच गॅरेजातनं उचललेस!"

"आज लोखंड इकत घेत न्हाईत, भाई. आमावस्येला तर न्हाईच न्हाई. तुमी आना पायजे तर. तुमाला कुठं शनी लागतोय?"

"मला तू लागलायस, तेवढा पुरे हाय! आन मी आनले तरी बसनार तुझ्याच गाडीत ना? मग शनीला काय दिसनार न्हाई?"

अजिनाथ हटला नाही. बाहेर भाविकांनी भरलेल्या जीपा एकामागून एक जात होत्या. ओळखीचे चालक मुद्दाम हॉर्न वाजवत होते.

भाई पुन्हा शांतपणे बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "ह्यो बोल्ट चालत्या गाडीत तुटला तर त्ये जड चाक तुझ्या पायाखाली फुटंल. मागं माणसं बसलेली असतात, अजिनाथ."

"देव हाय की."

भाईंनी पाना त्याच्या हातात ठेवला. "मग तूच आवळ. माझा हात लागायचा न्हाई."

पहिले तीन बसले. अजिनाथने भाईंकडे विजयी नजर टाकली. चौथ्यावर जोर देताच सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. बोल्टचं डोकं पान्यातच राहिलं आणि उरलेला तुकडा आत.

भाई जुन्या टायरवर बसले. त्यांनी कपाळाला हात लावला. मग उठून त्यांनी बारीक ड्रिल घेतलं. आत रुतलेला तुकडा आटे न बिघडवता काढायचा तर घाई चालत नाही. अख्खा दिवस त्यात गेला. रस्त्यावरचे हॉर्न विरळ झाले, संध्याकाळी परतीच्या गाड्या दिसू लागल्या. अजिनाथ दिवा धरून उभा होता. बोलायचे ते भाईच, आणि तेही ड्रिलशी.

रविवारी अजिनाथने नवे बोल्ट आणले. ते आवळून झाल्यावर भाईंनी त्यालाच पाना ओढून बघायला लावला. एकही हलला नाही. जीप भाविकांना घेऊन गेली आणि धडधाकट परत आली.

पुढच्या आठवड्यात तो इंजिन दाखवायला आला. भाईंनी सगळं तपासलं, बॉनेट खाली घेतलं. ती दोघांची शेवटची भेट. महिनाभरात भाई गेले. त्या शेवटच्या भेटीत अजिनाथ गाडीत बसला, नेहमीसारखं दार धाडकन ओढून घेतलं, तेव्हा भाई वैतागून ओरडले होते,

"आरं, हळू! दार जुनंच हाय."