रक्तातले केस

आईचा रिपोर्ट आणायला मी रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये गेलो होतो. शेजारी पालीचे एक आंबा बागायतदार बसले होते. डोक्याला तुळतुळीत टक्कल, आणि बोलताना सारखा त्यावरून हात फिरवायची सवय. नाव त्यांनी सांगितलं नाही, आजार मात्र लगेच सांगितला.

"रक्ताचा कॅन्सर. क्वचितच कुणाला होतो असला. पांढऱ्या पेशींना केस फुटल्यासारखे दिसतात म्हणे, सूक्ष्मदर्शकातून." मग टकलावर टिचकी मारून म्हणाले, "पंचवीस वर्षं इथे तेलं चोळली हो मी. उगवले ते नको तिथे!"

हसावं की नाही, मला कळेना. तेच खदखदून हसले. मुंबईला उपचार झाले होते, आज त्यानंतरची तपासणी होती.

त्यांच्या रिपोर्टचं पाकीट हातात आलं, तेव्हा मात्र ते न उघडताच त्यांनी माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच वाचा," म्हणाले. मी एकेक आकडा वाचला. सगळे मर्यादेत होते.

रिपोर्टची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. मग त्यांनी बायकोला फोन लावला.

"ऐकतेस गो? बाग आता कुणाला करारानं द्यायची नाही. यंदाचा आंबा मीच उतरवणार."