एक बॉल पुढे असलेलं घर

माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे फिटरच म्हणतात. क्रिकेटचं त्यांना भारी वेड, पण घरी बसून मॅच त्यांनी कधी पाहिली नव्हती. जिनिंगसमोरचं हॉटेल, फ्रिजवर ठेवलेला टीव्ही, त्याच्यापुढे माना वर करून उभी असलेली माणसं, हातात आलूबोंडा आणि विकेट पडली की कुणाच्या तरी शर्टावर सांडलेला चहा, ही त्यांची मॅच. घरचा टीव्ही आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या मालिकांसाठी. त्यावर खेळाचं एकही चॅनेल घेतलेलं नव्हतं.

कोरोना आला आणि हॉटेलचं शटर खाली गेलं. मॅचही बंद पडल्या. नवरा नोकरीमुळे उमरखेडला अडकलेला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सकाळी मोबाइलवर पोरांना गणित शिकवायची आणि दुपारी ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्या काळजीत बसायची. मामाजी तर नुसते छपरीत येरझारा घालायचे.

पाऊस सरता सरता बातमी आली की दूर वाळवंटातल्या एका देशात मॅच सुरू होणार, पण प्रेक्षकांशिवाय.

"मास्तरीणबाई," मामाजी म्हणाले, "तुह्या मोबाइलवर मॅच दिसते म्हनते. खरं हाय का?"

मी मोबाइल स्टुलावर, तूरडाळीच्या डब्याला टेकवून उभा केला. आम्ही तिघं त्याच्यासमोर चटईवर बसलो. पडद्यावर झगमगीत दिवे, हिरवंगार मैदान आणि भोवती हजारो रिकाम्या खुर्च्या. एकाने उंच षटकार मारला. बॉल खुर्च्यांमध्ये टपटप उड्या मारत गेला. फिल्डर जाहिरातींच्या पाट्या ओलांडून वर चढला आणि वाकून खुर्च्यांखाली बॉल शोधू लागला.

"त्याले शोधू लागाले कोनीच नाई का बाप्पा?" आईंना वाईट वाटलं.

"मयतीले बी वीस मानसं चालते आता," मामाजी म्हणाले. "इथं तेवढे बी नाई. मंग हे वरडून कोन राह्यलं?"

मी सांगितलं की तो जुन्या मॅचमधला रेकॉर्ड केलेला आवाज आहे, सुनंसुनं वाटू नये म्हणून लावतात. मामाजींनी दोन ओव्हर कान देऊन ऐकलं. मग बोट दाखवून म्हणाले, "पाय, आऊट झाला तवा गप होते, अन् आता बॅट बदलून राह्यला तं टाळ्या. बंद कर तो आवाज. खोटी मानसं नको मले."

मी आवाज बंद केला. खोलीत एकदम शांतता झाली. त्या शांततेत भिंतीपलीकडून आरोळी आली, "गेलाऽऽ!"

आमच्या मोबाइलवर तर बॉलर अजून रनअपच्या टोकाला उभा होता. तो धावत आला, त्याने बॉल टाकला आणि मधला स्टंप उडाला.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

भिंतीपलीकडे कंडक्टर राहतात. एसटीत सगळा जन्म गेला त्यांचा, आणि आवाज असा की दिग्रस स्टँडवर त्यांनी "यवतमाऽऽळ" म्हटलं तर पुसदच्या गाडीत बसलेल्या माणसांनाही आपण चुकीच्या गाडीत बसलो असं वाटायचं. पण त्यांच्यात आणि मामाजींमध्ये चार वर्षं बोलणं नव्हतं. आमच्या शेवग्याची एक फांदी त्यांच्या टिनांवर वाकली होती. मामाजी एका लग्नाला गेले असताना कंडक्टरांनी ती छाटली, आणि छाटताना आमच्या बाजूचीही थोडी जास्तच छाटली. एवढंच. बायकांचं मात्र चालू होतं. विरजणाची वाटी आंगणातल्या बुटक्या भिंतीवरून इकडून तिकडे जायची, फक्त पुरुष घरात नसताना.

कंडक्टरांकडे केबल होती. मोबाइलवर नेटमुळे सगळं थोडं उशिरा येतं. म्हणजे त्यांचं घर आमच्याहून बरोबर एक बॉल पुढे होतं. मी हे समजावल्यावर मामाजी भडकले. "म्हंजे आता मॅच बी त्याच्या मांगून पाहाची का?" त्यांनी उठून खिडकी लावली. ऑक्टोबरची गर्मी. चार ओव्हरनंतर आईंनी पदराने वारा घेत ती उघडली.

दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मामाजी आता खिडकीजवळ सरकून बसतात आणि आईंना भविष्य सांगतात. "पाय आता, चौका जाते," ते डोळे बारीक करून म्हणत, आणि चौका जाई. "हा काही टिकत नाई," म्हणत, आणि तो आऊट होई. आईंना कमी ऐकू येतं. भिंतीपलीकडचं काहीच त्यांच्या कानावर पडत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यात एवढी विद्या आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"मोठं ग्यान हाय जी यायले," त्या मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या. मी पोळपाटाकडे बघून हसू दाबलं.

आईंच्या पोटात एवढी मोठी गोष्ट राहणं शक्य नव्हतं. विरजणाच्या वाटीबरोबर ती भिंतीवरून पलीकडे गेली. कंडक्टरांची बायको हुशार. तिने काय ते ओळखलं आणि नवऱ्याला सांगितलं.

त्या संध्याकाळी मामाजींची आवडती टीम खेळत होती. पलीकडून आरोळी आली, "आऊट! आऊट! गेला रे गेला!"

मामाजींचा चेहरा पडला. तरी ते गंभीरपणे म्हणाले, "गेला आपला मानूस."

बॉल आला. आपल्या माणसाने तो उचलून थेट रिकाम्या खुर्च्यांच्या वरच्या रांगेत भिरकावला. षटकार. आईंनी नवऱ्याकडे आश्चर्याने पाहिलं. भिंतीपलीकडे कुणीतरी तोंडावर हात दाबून हसत होतं आणि ते हसू काही दबत नव्हतं.

मामाजी ताडकन उठले, आंगणात गेले आणि चार वर्षांत पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून ओरडले, "कंडक्टर! खोटं काहून बोंबलून राह्यले?"

पलीकडून शांत उत्तर आलं, "फिटर, तुमी चोरून कायले ऐकून राह्यले?"

मग मामाजी हसायला लागले. त्यांना असं हसताना मी महिनोन्महिने पाहिलं नव्हतं. भिंतीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पलीकडेही तेच. आई मला विचारत राहिल्या, "झालं काय? सांग नं वं, झालं काय?"

दुसऱ्या दिवसापासून कंडक्टर मोकळेपणी ओरडू लागले आणि मामाजी मोकळेपणी उत्तर देऊ लागले. दोन्ही घरांच्या मध्ये भिंत होती, तोंडावर रुमाल होते, पण "वाइड होता!" "डोयाचा नंबर बदला!" असं सगळं पुन्हा सुरू झालं. मला वाटतं, रिकाम्या खुर्च्या त्यांना दिसेनाशाच झाल्या.

मग एका संध्याकाळी पलीकडून आवाजच आला नाही. मामाजींनी दोनदा हाक मारली. कंडक्टरांची बायको भिंतीपाशी आली, पण लांबच उभी राहिली. "ताप हाय जी यायले. तुमी जवळ येऊ नका."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची गाडी आली. कंडक्टर स्वतःच्या पायांनी चालत गाडीत बसले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना गाडीत चढवलं, त्याला चढताना कुणी हात देऊ शकत नव्हतं. त्यांच्या फाटकाला बांबू बांधले गेले. त्यांची बायको आत एकटी. आई रोज डबा भिंतीवर ठेवायच्या आणि मागे सरकायच्या. मामाजी मोबाइलसमोर बसायचे, पण पाहायचे काहीच नाही. एकदा मी सहज विचारलं, स्कोअर किती झाला? त्यांना सांगता आला नाही.

आठवड्याने मामाजींच्या बटणाच्या फोनवर कंडक्टरांचा फोन आला. यवतमाळच्या दवाखान्यातून. आवाज एवढा बारीक की मामाजींनी दोनदा विचारलं, "कोन बोलते?"

"मी, फिटर. ऑक्सिजन काढला आज. इथं टीवी नाई. मॅच लागली असंल नं?"

मामाजींनी मला खूण केली. मी मोबाइल डब्याला टेकवला. त्यांनी फोन कानाला लावला आणि सुरू झाले. आधी जरा अडखळत, मग जोरात. "बॉलर निंगाला... लंबा मानूस हाय... टाकला... मारला! मारला! बाउंड्रीकडे जाऊन राह्यला, त्याच्या मांगं एक जाड्या पळते, पोचत नाई, पोचत नाई, चौका!"

फोनमधून गलका आला. टाळ्या, खोकले, कुणाची तरी शिट्टी. मामाजी दचकून थांबले.

"कंडक्टर, हे कोन?"

"स्पीकरवर लावला जी. सगळा वॉर्ड ऐकून राह्यला. पुढं सांगा, पुढं."

हे खरे लोक होते. मामाजी उठून उभेच राहिले. पुढच्या ओव्हरी त्यांनी उभ्यानेच सांगितल्या. कुणी म्हणे, स्कोअर पुन्हा सांगा, कुणी बाभुळगावचा होता, तो दर बॉलला "नो बॉल हाय का?" असंच विचारायचा. मधेच एक बाई रागावल्या, "अहो, हळू! हा दवाखाना आहे," आणि थोड्या वेळाने त्याच बाईंचा आवाज आला, "किती राहिले आता?"

मॅच संपली तेव्हा मामाजींचा घसा बसला होता. आईंनी हळद-दूध दिलं. ते पिताना म्हणाले, "बारा-तेरा तरी मानसं असंल नं वं तिथं?" मी म्हटलं, जास्तच असतील.

त्यानंतर कंडक्टर घरी येईपर्यंत रोज संध्याकाळी हा कार्यक्रम चालला. वॉर्डातली माणसं बदलत गेली. बाभुळगावचे गृहस्थ बरे होऊन घरी गेले. एकाबद्दल मामाजींनी विचारलं, तर कंडक्टर म्हणाले, "त्याची खाट रिकामी झाली जी." त्या दिवशी मामाजींनी मॅच जरा हळू आवाजात सांगितली.

कंडक्टर परत आले ते निम्मे होऊन. शर्ट खांद्यावरून उतरत होता. एका रविवारी दुपारची मॅच होती. त्यांच्या बायकोने त्यांची खुर्ची आंगणात, कडुलिंबाच्या सावलीत भिंतीजवळ ठेवली. आमच्या बाजूला मामाजींनी आपली ठेवली. मी मोबाइल भिंतीवर, दोघांच्या पुढे जरा अंतरावर, दोघांना दिसेल असा उभा केला. कंडक्टरांना ओरडता येत नव्हतं, ते फक्त बोटं वर करायचे, चार किंवा सहा.

शेवटच्या काही ओव्हरी राहिल्या असताना त्यांची मान छातीवर कलली. झोप लागली होती. मॅच तर अगदी रंगात आली होती. मामाजींच्या टीमला जिंकायला थोडेच रन हवे होते आणि विकेटा पडत होत्या. मामाजी खुर्चीतून अर्धे उठत, पुन्हा बसत. शेवटच्या बॉलवर षटकार गेला, टीम जिंकली, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दोन्ही मुठी वर करून आंगणात एक गोल चक्कर मारली, अनवाणी, अजिबात आवाज न करता. आई दारातून बघत होत्या.

मग त्यांनी भिंतीवरून वाकून पलीकडच्या खुर्चीवरून घसरलेली शाल कंडक्टरांच्या खांद्यावर सरकवली आणि मला हळूच म्हणाले, "चहा ठेव मास्तरीणबाई. उठले की सांगतो यायले, पयल्या ओव्हरपासून."