धागा तुटला की नरसय्या जागा होतो

लूमखाली कापसाचा भुगा कसा साठतो, ठावं हाय का? सकाळी झाडावा, संध्याकाळी परत ढीग. आमच्या पिक्चरच्या गोष्टींचं तसंच झालंय. एक सांगून संपवावी तर चार नव्या पडलेल्या असत्यात!

आमी तिघं. मी, नरसय्या आणि बिरू. मी आणि नरसय्यानं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जन्मभर टॉवेल विणले. बिरू मंद्रूपचा, मेंढरं राखणारा. आता मेंढरं पोरांच्या हवाली करून सोलापुरात लेकीकडं राहतोय. दर गुरुवारी सकाळचा शो ठरलेला. पिक्चर कुठला, ते मी इचारत न्हाय. चांगला निघाला तर बघतो, भिकार निघाला तर शिव्या देतो. मजा दोन्हीत सारखीच!

लूमच्या खडखडाटात नरसय्याचे कान गेले. माझेबी अर्धे गेलेत. पण कारखान्यात आमी कवा ओरडून बोललोच न्हाय. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ओठ बघून वळखायचं. त्यामुळं नरसय्याचं कुटं अडत न्हाय. फकस्त त्याच्याशी समोर येऊन बोलावं लागतंय.

भुताच्या पिक्चरवर माझा एकच राग. यायच्या आधी एवढा दणका कशाला? यायचं तर ये की गुमान!

एकदा असाच पिक्चर लागलेला. दारं आपटतायत, बाई किंचाळतीया, कॉलेजची पोरं एकमेकांना चिकटून बसलीत. आणि नरसय्या? ढाराढूर! अख्खा जन्म त्याहून मोठ्या दणक्यात काढला, त्याला काय होतंय? मग एकाएकी पिक्चरचा आवाज बंद. बाई जिन्यावर, सगळं चिडीचूप. कान गेले तरी दणका अंगाला कळतोय, आणि दणका थांबला म्हणजे लूम बंद पडला. नरसय्या झोपेतनं ताडकन उठला आणि बोंबलला, "धागा तुटला!"

अख्खं थेटर किंचाळलं! पुढच्या पोराचं पॉपकॉर्न माझ्या डोक्यावर. भुताला शेवटपर्यंत तेवढं जमलं न्हाय.

बिरूची तऱ्हा वेगळी. जंगलातला बंगला, आत पाच माणसं, बाहेर कायतरी फिरतंय. एकेक जण बॅटरी घेऊन बघायला जातोय. बिरूच्यानं ऱ्हावेना. "अरं, कळप फोडून जाताय कुटं? एका जागी बसा की!"

कुणी ऐकतंय व्हय? एकेक करून सगळे मेले. बिरू लई खूश. दिवे लागल्यावर मागं वळून सगळ्या थेटराला म्हणाला, "सांगितलं हुतं का न्हाय?"

रडारडीचा पिक्चर मला आवडतो, पण खोटं चालत न्हाय. एकात हिरो लूमवाला दाखवला हुता. आई आजारी, मालक नालायक, हिरो लूमला डोकं टेकून रडतोय. अंगात पांढराशुभ्र शर्ट! मी मोठ्यांदा इचारलं, "ह्याच्या डोक्यावर कापूस कुटाय?"

शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, गप्प बसा. इमोशनल सीन आहे."

"असंल की. पण ह्यानं आज दांडी मारलीय!"

मग ती बाईबी हसायला लागली. पुढं त्याची आई मेली, तरी तिचं हसू थांबेना.

खुनाच्या पिक्चरला मात्र नरसय्याच राजा! घरात तेलुगू बोलणारा माणूस. तेलुगू पिक्चरला हिंदी आवाज चढवलेला असला तर आमी हिंदी ऐकतो, हा ओठ बघून तेलुगू वळखतो. एकदा इंटरव्हललाच वडा खात म्हणाला, "आप्पा, वकीलच खुनी हाय."

"कशावरनं?"

"मगाशी पुटपुटला की, बरं झालं मारलं म्हणून."

आमाला तिथं नुसतं म्युझिक ऐकू आलं हुतं! आणि खरंच वकील निघाला. वड्याच्या लायनीतली सगळी पोरं आमच्यावर खवळली.

आता परवाचं ऐका. आमची तिकिटं मोबाइलवर काढतो नरसय्याचा ल्योक, श्रीनू. त्यानं बापाच्या देखत मला सुनावलं, "काका, हितनं पुढं दोनच तिकिटं काढणार. नायनाला काय ऐकू येत न्हाय. त्यांचं तिकीट फुकट जातंय." नायना म्हणजे त्यांच्या तेलुगूत बाप.

नरसय्यानं ओठ बघितले. चेहरा असा पडला, की बायको गेली तवाबी मी तसा बघितला नव्हता. गुरुवार सोडला तर त्या माणसाला घराबाहेर काम काय?

मी म्हणलं, "श्रीन्या, एकदा बरोबर ये. बघ, आणि मग बोल."

आला. आणि नशीब बघा, पिक्चर निघाला केरळातला! हिंदी आवाज चढवलेला, पण ओठ मल्याळम. नरसय्याला एक अक्षर कळंना. इकडं बघतोय, तिकडं बघतोय. इंटरव्हलला वडाबी खाल्ला न्हाय. मी मनात म्हणलं, संपलं. गुरुवार गेला.

दिवे बंद झाले. थोड्या वेळानं बघतोय तर श्रीनू खुर्चीत सगळा बापाकडं वळलेला, पडद्याकडं बघतच न्हाय. पडद्याचा उजेड त्याच्या गालावर. पोराचे ओठ हलतायत, आवाज न्हाय! लहानपणी बापाचा डबा घेऊन कारखान्यात यायचा, तवा असंच बोलायचा. कानानं हिंदी ऐकत हुता आणि ओठानं बापाला तेलुगूत सांगत हुता. नरसय्या एक डोळा पोराकडं, एक पडद्याकडं. मधनंच मांडीवर थाप मारायचा!

शेवटाला पावसात खुनी उभा राहिला. कुणी बोलंना. त्यानं हळूच तोंडावरचं फडकं काढलं. थेटरात एकच आरोळी! बिरू तर खुर्चीवर चढला.

बाहेर आलो. श्रीनू मान चोळत माझ्याजवळ आला आणि हळूच इचारलं, "काका, खुनी कोण निघाला?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात नरसय्या मधी घुसला. पोराचे ओठ त्यानं बघितलेच हुते.

"सांगू नको, आप्पा!" सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असा ओरडला. "ह्याचं तिकीट फुकट गेलं!"